मुंबईचे साठ हजार, कोल्हापूरचे अठ्ठावीस

वाचकाचं पत्र:

माझं वय ३१, शिक्षण एम.कॉम. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत चार वर्षं दोन महिने अकाउंटंट आहे. हातात २८,००० येतात (बेसिक १८,०००), दिवाळीला एक पगार बोनस. घर वडिलांचं, त्यामुळे भाडं नाही. बायको घरी शिकवण्या घेते, तिचे सहा हजार होतात. मुलगी चार वर्षांची, दिवसभर आजी-आजोबांजवळ. खर्च जाऊन महिन्याला अकरा हजारांच्या आसपास उरतात. आता मुंबईत अंधेरी पूर्वेच्या एका कंपनीची ७ लाख २० हजारांची ऑफर आली आहे. म्हणजे महिना ६०,०००! मित्र म्हणतो, डोळे झाकून जा, शिवाय मुंबईत एचआरएची सूट ५० टक्के मिळते. वडील म्हणतात, इथं काय कमी आहे? बायको म्हणते, तुम्ही ठरवाल तसं. दहा दिवसांत उत्तर द्यायचं आहे. ऑफरचा तक्ता सोबत जोडतो. काय करू?
एक अकाउंटंट, कोल्हापूर

उत्तर:

नमस्कार.

तक्ता जोडलात हे फार बरं केलंत. सगळं उत्तर तिथूनच सुरू होतं. सात लाख वीस हजारांना बाराने भागून तुम्ही साठ हजार काढलेत. पण सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षभरात येणारा एकूण खर्च. तुमच्या खात्यात जमा होते ती रक्कम वेगळी, आणि ती काढायची रीत तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. तुम्ही स्वतःच फाउंड्रीतल्या लोकांचा पगार काढता.

तर काढूया. साठ हजारांतले सहा हजार व्हेरिएबल आहेत. ते वर्षाच्या शेवटी, कंपनीचा आणि तुमचा निकाल बघून मिळणार. पूर्ण मिळतील असं कुठेही लिहिलेलं नाही. बेसिक ३०,००० आहे, त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे ३,६००, तोही सीटीसीतच धरलाय. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, ४.८१ टक्क्यांनी १,४४३, तीही आतच. हे वजा केलं की ४८,९५७ राहतात. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३,६०० आणि व्यवसाय कर २०० गेला. हातात उरले ४५,१५७. आपण ४५,००० धरू.

मित्राच्या एचआरएच्या मुद्द्याचं आधी संपवतो. घरभाडं भत्त्याची सूट जुन्या करप्रणालीत आहे. मुंबईला ती बेसिकच्या ५० टक्क्यांपर्यंत आहे हे खरं. पण नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही, आणि पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. तुमचा कर कोल्हापुरातही शून्य, मुंबईतही शून्य. व्यवसाय कर राज्याचा, वर्षाला २,५०० रुपये, तो शिरोलीत कापतात तेवढाच अंधेरीत कापतील. करामुळे या तुलनेत एका रुपयाचाही फरक पडत नाही. तो विषय बाजूला ठेवा.

आता खर्चाची बाजू. अंधेरीत ऑफिसजवळ वन बीएचके घेणं या पगारात होणारं नाही. निम्म्याहून जास्त पगार भाड्यातच जाईल. या पगाराची माणसं राहतात वसई, नालासोपारा, विरारला, नाहीतर डोंबिवली, कल्याणला. डोंबिवलीहून घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरीकडे यावं लागेल. विरारहून सरळ लोकलने अंधेरी, तिथून मेट्रोने चकाला किंवा मरोळ नाका. मी विरारकडचं घर धरतो, भाडं १२,०००. वीज आणि गॅस मिळून २,१००. किराणा, दूध, भाजी ११,०००. मुलीची शाळा आणि व्हॅन ४,२००. पास, मेट्रो, स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा २,०००. मोबाइल-इंटरनेट ८००, औषधपाणी १,०००. कोल्हापूरला जाणंयेणं वर्षाचं धरून महिन्याला १,५००. आईवडिलांना पाठवाल ते ५,०००, आणि ते तुम्ही पाठवालच, कारण आज घरखर्चात तुमचा वाटा आहे. बेरीज ३९,६००. शिल्लक ५,४००.

हे आकडे मी हात राखून धरलेत. यात हॉटेल नाही, कपडे नाहीत, पाहुणे नाहीत. आणि यात तुमच्या पत्नीचे सहा हजार नाहीत, कारण त्या शिकवण्या कोल्हापुरातल्या गल्लीत बसल्यात. विरारमध्ये शिकवणीचा दर कदाचित जास्तही मिळेल, पण ओळखी होऊन मुलं यायला एक शैक्षणिक वर्ष तरी जातं.

आता मुंबईच्या बाजूचं जे आहे ते तिलाही देऊ. पीएफमध्ये तुमचे आणि कंपनीचे मिळून महिन्याला ७,२०० भरले जातील. सध्या १५,००० च्या मर्यादेवर १,८०० आणि १,८०० असे ३,६०० जातात. म्हणजे ३,६०० जास्त साठतात. आज वापरता येत नाहीत, पण तुमचेच आहेत. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर महिन्याचे सहा हजार आणखी. मग मुंबईची खरी बचत ५,४०० अधिक ३,६०० अधिक ६,०००, एकूण १५,०००. कोल्हापूरची ११,००० अधिक दिवाळी बोनसचे महिन्याला सुमारे २,३००, एकूण १३,३००. व्हेरिएबल निम्मंच मिळालं तर मुंबई १२,००० वर येते आणि कोल्हापूर पुढे जातं.

म्हणजे अठ्ठावीस विरुद्ध साठ असं हे चित्र नाही. दोन्हीकडे महिन्याअखेर जवळपास तेवढंच उरतं.

असं का होतं? कोल्हापुरात तुम्हाला मिळणारी बरीच कमाई पगाराच्या स्लिपवर येतच नाही. वडिलांच्या घराचं भाडं तुम्ही देत नाही. मुलीला सांभाळायला पाळणाघर लावलेलं नाही. तुमची आई सांभाळते, आणि म्हणून तुमच्या पत्नीला दुपारी चार तास शिकवण्या घेता येतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर हे सगळं पुस्तकाबाहेरचं उत्पन्न आहे. विरारला गेल्यावर यातली प्रत्येक गोष्ट रोखीने विकत घ्यावी लागते. गाव सोडणारा जवळजवळ प्रत्येक जण हा हिशेब चुकवतो, कारण जे कधी मोजावंच लागलं नाही ते आठवत नाही.

आणखी एक रक्कम तुमच्या पत्रात कंसात लपलेली आहे, तिच्याकडे नीट बघा. बेसिक १८,००० आणि नोकरी चार वर्षं दोन महिने. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. १८,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ५, म्हणजे सुमारे ५१,९००. दहा महिने आधी राजीनामा दिलात तर ही रक्कम तुम्ही टेबलावर सोडून येणार. त्यात विरारच्या घराची अनामत, दलालाला एक महिन्याचं भाडं, लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी, टेम्पो आणि दोन-चार नव्या वस्तू धरा. घरात पाऊल ठेवेपर्यंत सत्तर-ऐंशी हजार गेलेले असतील. यातली अनामत परत मिळते, पण घर सोडताना. (करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे. 'नंतर करू' म्हणणाऱ्याचं घर घेऊ नका. आणि विरार-नालासोपाऱ्यात घर बघताना सोसायटीला पाणी टँकरचं येतं का, किती वेळ येतं, हे भाड्याच्याही आधी विचारा.)

तुम्ही एकट्याने जावं का, हा विचार तुमच्या मनात येणार, म्हणून तोही हिशेब केला. अंधेरीकडे कॉट बेसिसवर (खोलीत एक खाट भाड्याने) जागा ९,०००, दोन वेळचा डबा आणि नाश्ता ६,०००, प्रवास १,०००, महिन्यातून दोनदा कोल्हापूर ३,०००. तुमचे १९,००० गेले, घरी २६,००० पोचले. पत्नीचे सहा हजार चालू राहिले, ते ३२,०००. घरचा आजचा खर्च तुमच्या आकड्यांवरून २३,००० निघतो. त्यातून तुमचं पेट्रोल आणि जेवण वजा करून १८,५०० धरले तर उरतात १३,५००. आज उरतात ११,०००. म्हणजे महिन्याच्या अडीच हजारांसाठी तुम्ही चार वर्षांच्या मुलीपासून लांब राहणार. मला हे पटत नाही. सहा महिन्यांची ठरलेली मुदत असेल, पुढे कुटुंब यायचं पक्कं असेल, तर समजू शकतो. मुदत नसलेलं असं राहणं वर्षानुवर्षं लांबतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी तुमच्या वडिलांच्या बाजूचा आहे. तसं नाही. 'इथं काय कमी आहे' या प्रश्नाला एक खरं उत्तर आहे, आणि ते पैशांत नाही, पायऱ्यांत आहे.

तुमच्या फाउंड्रीत वर मालक आहेत, बाहेर सीए आहेत, आणि मध्ये तुम्ही. या तिघांत चौथी पायरी नाही. वर्षाला हजार-दीड हजार वाढेल, मालक चांगले असतील तर जास्त, पण अकाउंटंटच्या पुढची खुर्ची तिथे नाहीच. अंधेरीसारख्या ठिकाणी ज्युनिअर, सिनिअर, असिस्टंट मॅनेजर, मॅनेजर अशी शिडी असते आणि एका कंपनीत अडली तर बाजूच्या इमारतीत दुसरी कंपनी असते. आज दोन्हीकडची शिल्लक सारखी असली तरी पाच वर्षांनी सारखी राहीलच असं नाही. तुमच्या मित्राला हेच म्हणायचं असावं. त्याने चुकीचं कारण दिलं इतकंच.

पण ही शिडी खरी आहे का, ते कामाच्या स्वरूपावर ठरतं, आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आज तुम्ही काय काय करता बघा. सात तारखेला टीडीएस भरता, अकराला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण), पंधराला पीएफ-ईएसआय, वीसला ३बी (जीएसटीचं गोषवारा विवरण). जॉबवर्कला गेलेल्या मालाची चलनं तुम्ही जुळवता. बँकेला दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट तुम्ही देता, आणि त्यावर कॅश क्रेडिटमधून किती पैसे उचलता येतील ते ठरतं. वितळवताना किती माल घटला, स्क्रॅप किती निघालं, कास्टिंगचा किलोमागे खर्च किती आला, हे तुम्हाला कळतं. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटच्या वेळी सीएंच्या ऑफिसात तुम्हीच फायली घेऊन बसता. पूर्ण पुस्तक एका माणसाच्या हातात असणं ही लहान कारखान्याने दिलेली मोठी शिकवण आहे.

मोठ्या कंपनीत हे तुकडे होतात. तुम्हाला अकाउंट्स पेएबलला, म्हणजे देणी चुकवणाऱ्या विभागात, बसवलं तर पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल या तीन गोष्टी जुळतात का ते दिवसभर बघायचं, आणि तेच वर्षभर. एसएपी या सॉफ्टवेअरचा स्क्रीन दिसतो म्हणून ते मोठं काम होत नाही. तीन वर्षांनी मुलाखतीत कोणी फायनलायझेशनबद्दल (वर्षअखेरचे हिशेब पक्के करण्याबद्दल) विचारलं तर तुमच्याकडे कोल्हापूरच्याच आठवणी असतील. याउलट मंथ एंड क्लोजिंग (महिनाअखेरचे हिशेब बंद करणं), एमआयएस (व्यवस्थापनासाठीचे अहवाल), वैधानिक ऑडिटरशी थेट बोलणं, इंड एएस या लेखामानकांप्रमाणे हिशेब, असं काम मिळणार असेल तर आजची शिल्लक थोडी कमी पडली तरी मी जा म्हणेन.

म्हणून उद्याच एचआरला सांगा की ज्यांच्या हाताखाली काम करायचं आहे त्या व्यक्तीशी फोनवर बोलणं करून द्या. विचारा की पहिल्या वर्षी माझ्याकडे नेमकी कोणती लेजर (खाती) असतील, क्लोजिंगमध्ये माझा वाटा काय, माझ्याआधी या जागेवर कोण होतं आणि ते आता कुठे आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार बोलकं असतं: ती व्यक्ती आतच वर गेली असेल तर शिडी आहे, सहा महिन्यांत सोडून गेली असेल तर समजून घ्या. मागच्या दोन वर्षांत व्हेरिएबल किती टक्के दिलं तेही विचारा. आणि क्लोजिंगच्या दिवसांत रात्री किती वाजतात? विरारला राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न साधा नाही. रोज दारापासून टेबलापर्यंत पावणेदोन तास जायला, तेवढेच यायला. शनिवार सुट्टीचा असेल तर ती मोठी जमेची बाजू आहे, तीही मोजा.

पैशांबद्दल बोलायची तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. ऑफर आली म्हणजे त्यांना तुम्ही हवे आहात. ७ लाख २० हजार तसेच ठेवून व्हेरिएबल फिक्स्डमध्ये आणलं तर हातात ५१,००० येतील आणि शिल्लक ११,४०० होईल, पीएफ वेगळा. आठ लाख पूर्ण फिक्स्ड मागा. बेसिक निम्मं धरलं तर हातात साधारण ५६,८०० येतात आणि महिन्याला सतरा हजार उरतात. तिथे मुंबई स्पष्टपणे पुढे जाते. रुजू होण्यासाठी जास्त मुदतही मागा, आणि बुडणाऱ्या ग्रॅच्युइटीइतका जॉइनिंग बोनस देता का असं सरळ विचारा. कंपन्या देतात, पण न मागणाऱ्याला नाही.

यातलं काहीच मान्य झालं नाही आणि काम नुसतं बिलं जुळवण्याचं निघालं, तर नम्रपणे नकार द्या. ही ऑफर आहे तशी घेऊ नये, असं माझं मत आहे.

मग पिंपरी-चिंचवडकडे बघा. भोसरी, चाकणचे वाहनउद्योगाचे सुटे भाग करणारे कारखाने कास्टिंग विकत घेतात. फाउंड्रीचा खर्च आतून समजणारा अकाउंटंट त्यांना अंधेरीच्या ऑफिसपेक्षा जास्त उपयोगाचा आहे. मोशी, चिखलीकडे घर घेतलं तर दुचाकीवर कामाला जाता येतं, दिवसाचे दोन-अडीच तास वाचतात. आणि कोल्हापूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास राहतं. वडिलांना रात्री काही झालं तर पहाटे पोचता येईल. मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट मिळेल तेव्हा मिळेल, आणि गणपतीत, दिवाळीत साठ दिवस आधी बसूनही वेटिंग लागतं. पुण्यात महिना पन्नास हजारांची सीटीसी मिळाली तरी वरच्यासारखाच तक्ता मांडून बघा.

या दहा महिन्यांत ग्रॅच्युइटीची पाच वर्षं भरतील. तेवढ्यात सीएमए (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) इंटरची नोंदणी करा. पदवीधराला फाउंडेशन द्यावं लागत नाही, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, आणि कॉस्टिंगचा जो भाग इतरांना पुस्तकातून कळत नाही तो तुम्ही रोज भट्टीशेजारी बघता. इंटरचा एक ग्रुप जरी झाला तरी पुढची ऑफर याच आकड्यावर येणार नाही.

एक गोष्ट मात्र या दहा दिवसांतच करा. 'तुम्ही ठरवाल तसं' हे पत्नीचं उत्तर मान्य करू नका. त्यांच्या शिकवण्या बंद होणार आहेत, मुलगी दिवसभर त्यांच्याकडे राहणार आहे, अनोळखी इमारतीत रात्री साडेनऊपर्यंत त्या तुमची वाट बघणार आहेत. वरचा सगळा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा आणि किराण्याचे, शाळेचे, दुधाचे आकडे त्यांना दुरुस्त करू द्या. माझ्यापेक्षा त्यांचे आकडे बरोबर असतील. शक्य असेल तर दोघं मिळून एक दिवस विरारला जाऊन या, आणि कामाच्या दिवशीच जा: सकाळी आठची अंधेरीची लोकल एकदा दोघांनी धरा, मग घरं बघा.

कंपनीला काय कळवलंत ते मला लिहा. पुण्याच्या एखाद्या ऑफरचा तक्ता आला तर तोही पाठवा, त्यावरही बसू.